केटीसर

आमच्या सोसायटीचा मुख्य गृहोद्योग म्हणजे तुलना. कुणाचा मुलगा कुठे लागला, कुणाच्या सुनेनं लग्नात काय घातलं, कुणाची बाई महिन्याला किती खाडे करते, कुणाच्या फ्लॅटचा कार्पेट नक्की किती, असले हिशेब मिठागर रोडवरच्या आमच्या चार मजल्यांत सकाळच्या पाण्याबरोबर सुरू होतात आणि पाणी गेलं तरी चालू राहतात. ह्या उद्योगात एक पैशाचंही भांडवल न घातलेला माणूस एकच, दुसऱ्या मजल्यावरचे केटीसर.

त्यांना आडनाव आहे. जिन्याखालच्या पाटीवर ते लिहिलेलंही आहे. पण मुलुंड पूर्वेत 'केटीसर' म्हटल्याशिवाय कुणाचा हात योग्य दिशेला वळत नाही. इंजिनीयरिंगच्या पहिल्या वर्षी ज्यांची एम-वनमध्ये केटी लागते, म्हणजे गणितात गटांगळी खाऊन जे तसेच पुढच्या सेमिस्टरला वाहत जातात, त्यांना बाहेर काढणं हा सरांचा निवृत्तीनंतरचा व्यवसाय. एम-वनचं दार उघडलं की उंबरठ्यावरच संमिश्र संख्या बसलेल्या असतात. बारावीपर्यंत ज्याला घरादारानं 'हुशार, हुशार' म्हणून वाढवलं, ते पोर नेमकं इथे ठेचकाळतं. तसा हा धडा अकरावीतही असतो. पण अकरावी हे मुंबईत शिकण्याचं वर्ष नव्हे, ॲडमिशन मिळवून दमल्यामुळे बसून काढायचं वर्ष. त्यामुळे धडा असतो, एवढंच.

सर अंगानं किडकिडीत. अर्ध्या बाह्यांचा पांढरा बुशशर्ट, आणि खिशात दोन पेनं. निळं वास्तव भागासाठी, लाल काल्पनिक भागासाठी. ही शिस्त वहीपुरती राहिली असती तर काकूंची तक्रार नव्हती. पण वाण्याच्या यादीतही निळ्यानं लिहिलेलं आणायचं असतं आणि लाल शाईतलं 'मिळालं तर बघ' असतं. काकू यादी घडी घालून पर्समध्ये टाकतात आणि त्यांना जे आणायचं ते आणतात.

हयात गेली वीज कंपनीच्या टेस्टिंग खात्यात. तिथे करंटला आय म्हणतात, म्हणून वजा एकाच्या वर्गमुळाला जे म्हणायचं, हा विजेवाल्यांचा रिवाज. सरांनी तो नोकरीभर पाळला. निवृत्त झाल्यावर मात्र जे सोडून आय धरला. आयुष्यातला तेवढाच एक पक्षबदल, आणि तोही पद सुटल्यावर केलेला.

क्लास जेवणाच्या टेबलावर भरतो. फ्रिजशेजारी प्लायवूडला काळा रंग देऊन केलेला फळा टांगलेला असतो. पोरं कुठून कुठून येतात. एक बोरिवलीहून लिंक रोडच्या बसला लोंबकळत येतो, एक अंधेरीहून मेट्रोनं घाटकोपर गाठून पुढे लोकल पकडतो. हातात कुंभोजकरांचं जाडजूड पुस्तक. मुंबई विद्यापीठाच्या इंजिनीयरांच्या पिढ्या ह्या एका पुस्तकावर पोसल्या. सरांकडे त्याच्या जुन्या प्रतींची चवड आहे. केटी सुटली की पोरं पुस्तक तिथेच ठेवून पळतात.

पहिल्या दिवशी प्रत्येकाला एकच गणित मिळतं. एक्स वर्ग वजा चार एक्स अधिक तेरा बरोबर शून्य. पोरगा झरझर सूत्र लिहितो, विवेचक काढतो. सोळा वजा बावन्न, म्हणजे वजा छत्तीस. मग 'मुळे वास्तव नाहीत' असं लिहून, खाली दोन रेघा ओढून, हाताची घडी घालून बसतो. दहावीत एवढ्यावर पूर्ण मार्क मिळालेले असतात.

"वास्तव नाहीत, हे कळलं," सर म्हणतात. "पण आहेत कुठे?"

हा प्रश्न त्या पोराला जन्मात कुणी विचारलेला नसतो. ते फळ्याकडे बघतं, फ्रिजकडे बघतं. सर लाल पेन त्याच्या हातात देतात. वजा छत्तीसचं वर्गमूळ सहा आय. निम्मे करून दोन अधिक तीन आय, आणि दोन वजा तीन आय. "आता पडताळा. बेरीज?" चार. "गुणाकार?" चार अधिक नऊ, तेरा. "समीकरणात हेच आकडे होते ना? मग ही मुळं खोटी कशी?"

दुसऱ्या दिवशी सापळा. वजा चारचं वर्गमूळ गुणिले वजा नऊचं वर्गमूळ किती? सगळी पोरं एकजात आतल्या आत गुणून छत्तीस करतात आणि सहा म्हणून मोकळी होतात. सर काही बोलत नाहीत, पंख्याकडे बघत राहतात. पंखा हे सरांच्या संतापाचं ठिकाण आहे. मग हळूच म्हणतात, "आधी आयला बाहेर काढ, मग गुण." दोन आय गुणिले तीन आय. सहा आय वर्ग. वजा सहा. "उत्तराचा आकडा बरोबर आणि दिशा उलटी. असा इंजिनीयर पूल बांधेल तोही बरोबर बांधेल. दुसऱ्या नदीवर."

भागाकारात तर सरांची खरी तब्येत खुलते. छेदात आय राहिलेला त्यांना खपत नाही. तीन अधिक चार आय भागिले एक वजा दोन आय असं काही दिसलं की ते छेदाच्या संयुग्मीला, एक अधिक दोन आयला, वर-खाली दोन्हीकडे बसवतात. खाली एक अधिक चार, पाच. वर तीन, सहा आय, चार आय आणि आठ आय वर्ग, म्हणजे वजा पाच अधिक दहा आय. पाचानं भाग गेला, उरले वजा एक अधिक दोन आय. एखादं पोर टेबलाखाली कॅल्क्युलेटर दाबून हेच उत्तर आधी सांगून टाकतं. "उत्तर यंत्रालाही येतं," सर म्हणतात, "स्टेपा येत नाहीत. आणि मार्क स्टेपांना असतात. पेपरातही आणि घरातही." शेवटचे दोन शब्द स्वयंपाकघराच्या दिशेनं जातात. तिकडून भांडं जरा जोरात ठेवल्याचा आवाज येतो.

आयनं गुणणं म्हणजे काटकोनात डावीकडे वळणं, ही गोष्ट सर फळ्यावर शिकवत नाहीत, पॅसेजमध्ये शिकवतात. पोराला दाराकडे तोंड करून उभं करायचं. हा एक. आयनं गुणलं, वळ डावीकडे. पुन्हा गुणलं, पुन्हा वळ. पाठमोरा झालास? तोच वजा एक. चारदा गुणलं की होता तिथे. "आयचा २०२६ वा घात?" पोरगा बिचारा गरगर फिरायच्या तयारीत. "अरे, चारानं भाग! बाकी किती?" दोन. "मग दोनदाच वळ." एकदा काकू चहाचा ट्रे घेऊन बाहेर आल्या आणि पॅसेजमधले चार भावी इंजिनीयर वेगवेगळ्या घातांनी वेगवेगळ्या दिशांना तोंडं करून उभे. "अहो, ह्यांना आधी एका दिशेला करा," त्या म्हणाल्या, "चहा गार होतोय."

इटलीतली सोळाव्या शतकातली माणसं सरांच्या बोलण्यात मावसभावांसारखी येतात. "कार्दानो मिलानचा डॉक्टर. १५४५ साली पुस्तक काढलं. त्यात घातलंय, दहाचे दोन भाग असे करा की गुणाकार चाळीस यावा. आता पाच-पाच केले तरी पंचवीस. त्याच्यावर काही जात नाही. कुणीही म्हणेल, गणित छापताना चुकलं. पण ह्यानं उत्तर लिहिलं! पाच अधिक वजा पंधराचं वर्गमूळ, आणि पाच वजा तेच." पोरगा गुणाकार करून बघतो. पंचवीस अधिक पंधरा, चाळीस. "आणि एवढं करून, डोक्याला ताप आहे, उपयोग काही नाही, असा शेरा मारून मोकळा! रोगी उठून बसला तरी डॉक्टरचा स्वतःच्या औषधावर विश्वास नाही."

मग येतो बोंबेल्ली. नाव ऐकून पोरं फिसकन हसतात. सर हसू ओसरेपर्यंत थांबतात. "हसा. पण हा इंजिनीयर होता, दलदली उपसून जमीन काढणारा. आपल्याकडे असता तर मिठागरांवर कामाला असता." १५७२ साली बोंबेल्लीनं एक्स घन बरोबर पंधरा एक्स अधिक चार हे समीकरण घेतलं. उत्तर चार, हे उघड्या डोळ्यांना दिसतं. चौसष्ट बरोबर साठ अधिक चार. पण कार्दानोच्या पुस्तकातल्या सूत्रानं निघालं तर वाटेत वजा एकशे एकवीसचं वर्गमूळ आडवं येतं. बाकीचे तिथून परत फिरत. बोंबेल्लीला चिखलात उतरायची सवय. तो उतरला, आणि पलीकडे त्याला दोन अधिक आय, दोन वजा आय अशी जोडी सापडली. बेरीज केली, आय उडाले, हातात चार. ह्या संख्यांच्या बेरीज-गुणाकाराचे नियम नीट मांडले ते त्यानंच. इथे आल्यावर सर खिडकीतून खाडीच्या दिशेला बघतात, आणि पोरं घड्याळाकडे.

भास्कराचार्यांच्या बाबतीत मात्र सरांचं मन दुखावलेलं आहे. माणूस आपला, खानदेशाच्या बाजूचा म्हणवला जाणारा, आणि 'बीजगणिता'त स्वच्छ लिहून बसला की धनाचा वर्ग धन, ऋणाचाही धन, तेव्हा ऋणाला वर्गमूळ नाही. "चूक नाही काढत मी," सर म्हणतात. "रेषेवर उभं राहून डावी-उजवीकडे बघितलं तर तसंच दिसतं. एकदा वर बघायला हवं होतं." पण राग फार टिकत नाही. चाळीसगावजवळच्या पाटण्याला शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव, त्यानं आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी तेराव्या शतकाच्या सुरुवातीला मठ काढला, असं त्यात कोरलंय. "म्हणजे पुस्तक आजोबांचं आणि क्लास नातवाचा," सर अभिमानानं सांगतात. "आमचा धंदा आजचा नाही."

'काल्पनिक' हा शब्द सरांना टोचतो, कारण त्यांनी ह्या संख्यांचा शॉक खाल्लेला आहे. आपल्या घरात येणारी वीज सेकंदाला पन्नास हेलकावे घेते. त्या हेलकाव्यांत व्होल्टेज आणि करंट बरोबरीनं चालतीलच असं नाही, एक पुढे, एक मागे. हा हिशेब पूर्वी विजेवाल्यांच्या जिवावर यायचा. १८९३ मध्ये स्टाइनमेट्झ नावाच्या विजेच्या इंजिनीयरनं तो संमिश्र संख्यांत मांडून दाखवला आणि डोंगराएवढी समीकरणं चार ओळींच्या अंकगणितावर आली. सरांच्या घरी त्यामुळे गीझर 'वास्तव' आहे आणि पंखा 'संमिश्र', कारण त्यात वेटोळं आहे. लोकलबद्दलही त्यांचं स्वतंत्र मत आहे. ३ फेब्रुवारी १९२५ ला व्हीटी ते कुर्ला पहिली विजेची गाडी धावली ती १५०० व्होल्ट डीसीवर. डीसीला हेलकावे नाहीत, आयचं काम नाही. २०१२ साली पश्चिम रेल्वेनं डीसी पुरता सोडून २५ हजार व्होल्टचा एसी घेतला, मागोमाग मध्य रेल्वेनंही. आमच्या मार्गावर ते झालं तेव्हा सरांनी जिन्यात पेढे वाटले होते. लोकांना वाटलं नात झाली.

एकदा एका विद्यार्थ्याचे वडील भेटायला आले. आमच्या भागात वडील क्लासला येतात ते एकच प्रश्न घेऊन. "आमचा बॅचमध्ये कितवा?"

"क्रम नाही," सर म्हणाले.

"नाही, म्हणजे त्या घाटकोपरच्या मुलाच्या पुढे की मागे?"

सरांनी फीचं पाकीट उलटं केलं आणि लाल पेन काढलं. "समजा, आय शून्याहून मोठा. मोठ्याला मोठ्यानं गुणलं तर उत्तर शून्याहून मोठंच यायला हवं. आय गुणिले आय किती? वजा एक. वजा एक शून्याहून मोठा आहे?"

"नाही."

"बरं, आय शून्याहून लहान धरा. मग वजा आय मोठा झाला. त्याचा वर्ग? पुन्हा वजा एक. पुन्हा तेच."

"मग शून्याच्या बरोबरीचा असेल," वडिलांनी तडजोड काढली.

"शून्याचा वर्ग शून्य. वजा एक कुठून येणार?"

"मोठा नाही, लहान नाही, बरोबरीचा नाही. मग हा आय आहे तरी कुठे?"

"वर," सर म्हणाले.

वडिलांनी छताकडे पाहिलं आणि आवाज खाली आणून विचारलं, "तिसऱ्या मजल्यावर? तेही क्लास घेतात?"

सरांनी पंख्याकडे पाहिलं, पण स्वतःला सावरलं. "हे बघा, मोठेपण मोजता येतं. त्याला मापांक म्हणतात. तीन अधिक चार आयचा मापांक पाच. चार अधिक तीन आयचा पाच. वजा पाचचाही पाच. मोठेपण तिघांचं सारखं, तोंडं मात्र तीन दिशांना. नुसत्या मोठेपणावरून तुम्ही ओळ लावाल, पण कोण कुठे निघालाय ते कळणार नाही."

"आमच्याचं तोंड कुठे आहे?"

"सध्या मोबाइलकडे."

हीच निष्ठा सरांनी सोसायटीच्या वार्षिक सभेत लावली, तेव्हा प्रसंग झाला. गच्ची गळत होती. चेअरमनना वर पत्रे घालायचे होते, सेक्रेटरींना वॉटरप्रूफिंग करायचं होतं, आणि खजिनदारांना गच्चीवर दमडी न घालता सरळ रीडेव्हलपमेंटला जायचं होतं. तिघं तावातावानं बोलले. शेवटी कुणीतरी म्हणालं, सर, तुम्ही शिकलेले, तुम्ही सांगा, कुणाचं बरोबर?

सर उठले. "एक्स घन बरोबर एक. ह्याची मुळं किती?" सभेत शांतता. "एक, असं तुम्ही म्हणाल. पण मुळं तीन आहेत. एक तर आहेच. बाकीची दोन, ओमेगा आणि ओमेगा वर्ग. वर्तुळावर एकशे वीस-एकशे वीस अंशांवर उभी असतात. तिघांचाही घन केला तर एकच येतो, म्हणजे तिघंही बरोबर. तिघांचं बळही सारखं. आणि बेरीज करा. एक अधिक ओमेगा अधिक ओमेगा वर्ग." त्यांनी आधी चेअरमनकडे, मग सेक्रेटरींकडे, मग खजिनदारांकडे हात केला. "शून्य. म्हणून गच्ची गळते."

इतिवृत्तात 'सरांनी मार्गदर्शन केले' एवढीच नोंद झाली. गच्ची अजून गळते. पण तेव्हापासून आमच्याकडे खजिनदारांना ओमेगा वर्ग म्हणतात. त्यांना तो मान वाटतो.

सरांना व्यसन असं नाही. एक आहे म्हणायला. लग्नाच्या पंगतीत शेजारी कुणी अनोळखी बसलं की जिलबी वाढून होईपर्यंत सर दम धरतात आणि मग विचारतात, "आयचा आयवा घात किती?" समोरचा गांगरतो. "मुख्य किंमत सांगतो. शून्य पॉइंट दोन शून्य सात आठ, पुढे चालू. काल्पनिकाला काल्पनिक घात चढवला आणि आलं काय? शुद्ध वास्तव!" एका लग्नात हे ऐकून शेजारचे गृहस्थ गंभीरपणे म्हणाले, "आमच्या बिल्डरनं असंच केलं होतं, पण वास्तवात काही आलं नाही." सरांना ते उत्तर इतकं आवडलं की आता ते तेही सांगतात.

पोरं सुटतात. बहुतेक सगळी पासापुरत्या मार्कांच्या आसपास, काठाला हात टेकून. पेढे घेऊन येतात. सर किती मार्क पडले ते विचारत नाहीत, "कुठलं गणित सोडलंस?" असं विचारतात, आणि ते लगेच टेबलावर सोडवून घेतात. केटी सुटल्यावर केटीचं गणित सोडवणारी माणसं भारतात फक्त आमच्या दुसऱ्या मजल्यावर मिळतील. काकू पेढे डब्यात ठेवतात, फी कपाटात ठेवतात, आणि ज्या पोराची फी राहिली असेल त्याला चहाबरोबर दोन बिस्किटं जास्त देतात. ही वसुलीची पद्धत सरांना कधी समजली नाही, पण ती अचूक लागू पडते.

गेल्या गणपतीत सोसायटीनं सरांचा सत्कार केला. शाल, नारळ, आणि चेअरमनचं भाषण. चेअरमन म्हणाले, सरांना तोड नाही, असा माणूस एकटाच असतो. टाळ्या पडल्या. सरांनी माइक हातात घेतला.

"एकटा असतो, हे चूक आहे," ते म्हणाले. "समीकरणातले सहगुणक वास्तव असतील तर संमिश्र मूळ कधी एकटं येत नाही. ते आलं की त्याचा संयुग्मी आलाच. आमचा तर संसार मुलुंडमधला, सगळे सहगुणक वास्तव. दूध, मेंटेनन्स, लाइट बिल." त्यांनी दुसऱ्या रांगेत बसलेल्या काकूंकडे हात केला. "वास्तव भाग दोघांचा सारखा. काल्पनिक भागाचं चिन्ह तेवढं उलट. दोघांची बेरीज करा, वास्तव. गुणाकार करा, वास्तव."

टाळ्या ओसरेपर्यंत काकू थांबल्या. मग बसल्या जागेवरून त्यांनी विचारलं, "आणि ते वजाचं चिन्ह दोघांत कुणाकडे, तेही सांगा की."

"तो... नुसता संकेत असतो," सर म्हणाले.

"असू दे माझ्याकडेच. यांच्या आयला उडवायला कुणीतरी हवंच ना!"

मागच्या रांगेतल्या केटीच्या पोरांनी अशी शिट्टी मारली की ढोलपथकवाल्यांना वाटलं आरती सुरू झाली. काकूंना आपण काय बोललो ते शेजारणीनं कानात सांगितल्यावर कळलं, आणि त्यांनी पदर तोंडाला लावला. सरांच्या ते शेवटपर्यंत लक्षात आलं नाही. त्यांनी घटकाभर विचार केला, मान डोलावली आणि माइकवर स्वच्छ आवाजात सांगितलं, "बरोबर आहे. ती स्टेप माझी सुटली होती."